दुसऱ्या टीव्हीसाठी काय घ्यावे?



आजकाल पुष्कळ घरांत बाहेरच्या खोलीत नवा टीव्ही असतो आणि जुना संच आतल्या खोलीत फडक्याखाली झाकून ठेवलेला असतो. शाळांतही हीच स्थिती. एका वर्गात देणगीतून आलेला संच, दुसऱ्यात ग्रामपंचायतीने दिलेला, आणि धड्यांच्या चित्रफिती मात्र एकाच संगणकावर. घरच्या लग्नाचे चित्रण असो, मुलांचे धडे असोत की आजीसाठी जमवलेली कीर्तने असोत, ज्याला ती पाहायची त्याने त्या एका खोलीत येऊन बसायचे. गुडघे धरलेल्या आजींना ते जमत नाही, आणि दोन वर्गांची मुले एका खोलीत मावत नाहीत. हा संग्रह दुसऱ्या टीव्हीपर्यंत थोडक्या खर्चात कसा न्यावा, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. घरातल्या संगणकावरचे चित्र घरातल्याच टीव्हीवर न्यायला बाहेरचे इंटरनेट लागत नाही. विहीर आपल्या मळ्यात, वाफा आपल्या मळ्यात; मग धरणाच्या कालव्याची वाट कशाला पाहायची? मधे पाट हवा, बस्स. राउटर नावाची डबी हे पाटाचे काम करते, आणि बाहेरची जोडणी तुटली तरी घरातल्या घरात ती चालू राहते.

आता खरेदी. पहिला नियम असा, की आधी काहीच घेऊ नका. टीव्हीच्या पाठीमागे पेन ड्राइव्हची खाच आहे का ते पाहा. कित्येकदा तेवढ्यावरच काम भागते. मात्र पेन ड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीने आखलेला असेल, तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, हे ध्यानात असू द्या. घरात जुना लॅपटॉप पडून असेल, तर एचडीएमआय तारेने तो टीव्हीला जोडा. त्याहून स्वस्त साधन बाजारात मिळणार नाही.

हे नसेल, तरच उपकरण घ्यावे. ते निवडताना किमतीआधी तीन गोष्टी विचाराव्यात.

पहिली गोष्ट लिपीची. जुन्या दप्तरातला मोडी कागद नुसता हाती असून भागत नाही, वाचणारा लागतो. चित्रफितीही अशाच निरनिराळ्या पद्धतींनी बांधलेल्या असतात. २००३ साली आलेली एच-२६४ बहुतेक साधनांना वाचता येते. २०१३ ची एच-२६५ कमी जागेत तेवढेच चांगले चित्र मावविते, पण पुष्कळ जुन्या संचांना ती उमगत नाही. मग संगणकाला ती फीत चालू असतानाच उलगडून दुसऱ्या पद्धतीत लिहून द्यावी लागते. मोडीचे बाळबोध करीत जाणाऱ्या कारकुनासारखी त्याची धावपळ होते. संगणक दुबळा असला की चित्र अडखळते, आणि दोष मात्र आपण वायफायला देतो. म्हणून दुसऱ्या टीव्हीपाशी असे साधन हवे, की जे फीत जशीच्या तशी वाचील.

दुसरी गोष्ट वाटेची. दोन तासांची ४.५ जीबीची फीत दर सेकंदाला सरासरी ५ मेगाबिट मागते. १०० मेगाबिटची साधी नेटवर्क-तार अशा तीन टीव्हींचे ओझे सहज वाहते, आणि ती १०० मीटरपर्यंत नेता येते. वायफायची ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान खरी, पण जाड दगडी भिंतीपुढे हतबल होते, २.४ ची लहर अधिक आत शिरते, पण वेग कमी. वाड्याच्या भिंती जाड असतील, तर महागड्या राउटरपेक्षा तार बरी.

तिसरी गोष्ट परावलंबनाची. गूगलचे क्रोमकास्ट २०१३ साली अमेरिकेत ३५ डॉलरला निघाले आणि फार लोकप्रिय झाले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने त्याचे उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले. पुढे मार्च २०२५ मध्ये त्याच्या दुसऱ्या पिढीची उपकरणे जगभर एकाएकी अडली, कारण आतल्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती. काही दिवसांत दुरुस्ती झाली. पण वस्तू आपल्या घरात, आणि तिची किल्ली दुसऱ्याच्या हाती, हे त्यावरून कळले. ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकसारखी साधने सोयीची आहेत, परंतु पहिल्या मांडणीला इंटरनेट व खाते लागते. जिथे इंटरनेट भरवशाचे नाही तिथे रास्पबेरी पाय ही छोटी संगणक-पाटी आणि तीवर कोडी हा फुकट कार्यक्रम, ही जोडी विचारात घ्यावी. ही पाटी २०१२ साली ब्रिटनमध्ये निघाली, तीही मुलांना संगणक शिकवावा म्हणून. मात्र नुसत्या पाटीची किंमत ती सगळी किंमत नव्हे. अडॅप्टर, मेमरी कार्ड आणि डबी यांचा खर्च आधीच मांडावा.

संगणकाच्या बाजूला जेलीफिन हा कार्यक्रम बसवावा. २०१८ पासून चालत आलेला, फुकट, आणि बाहेरचे खाते न मागणारा. फीत वाचायला व्हीएलसी आहेच. त्याचे मूळ १९९६ साली पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात आहे. वसतिगृहाच्या जाळ्यावरून चित्रे पाहता यावीत, हीच त्या विद्यार्थ्यांची गरज होती. आपली गरज त्यांच्याहून फारशी वेगळी नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सांगणे. दुकानात जाताना आपलीच एक चित्रफीत पेन ड्राइव्हवर न्या, आणि जे साधन घ्यायचे त्यावरच ती लावायला सांगा. आवाज येतो का, पुढे सरकवता येते का, मराठी उपशीर्षकांची अक्षरे नीट दिसतात की नुसते चौकोन उमटतात, हे पाहा. जुन्या संचाला एचडीएमआय नसून पिवळी, लाल, पांढरी छिद्रे असतील, तर रूपांतर करणारी डबी मिळते. पण त्यावर बारीक अक्षरे अंधुक दिसतात. असा संच कीर्तनाला चालेल, गणिताला नाही. आणि संग्रहाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर अवश्य ठेवा. वीज केव्हा जाईल याचा नेम नाही.

शाळेचा पैसा गावाने घासातला घास काढून दिलेला असतो. तो खर्चण्यापूर्वी ही एवढी पारख केली, तर झाकून ठेवलेला संच पुन्हा कामाला लागेल आणि मागच्या वर्गातल्या मुलालाही धडा दिसेल.