नाक, जंतू आणि बुरशी
(केंदूर येथील महिला मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



आपल्याकडे कांदाचाळीत निवडायला बसणाऱ्या बायका एक प्रश्न हमखास विचारतात : "बाई, नाक सदा चोंदलेले, कपाळ दुखते. कांद्यावरची ती काळी बुरशी तर नाकात गेली नसेल?"

हा धसका २०२१ सालचा आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेमागोमाग महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस पसरला. कित्येकांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले. मे महिन्यात राज्य शासनाने त्यावरील उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत घेतले. अँफोटेरिसिन-बी हे औषध मिळेना, तेव्हा वर्ध्याच्या कारखान्यातही ते तयार होऊ लागले. लोकांनी त्या रोगाला 'काळी बुरशी' म्हटले आणि तेथेच घोटाळा झाला. कांद्याच्या सालीखालची काळी पूड ही वेगळ्या जातीची बुरशी. म्युकरची बुरशी मुळात काळी नसतेच. ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त अडते आणि मेलेले मांस काळे पडते.

आता सायनस म्हणजे काय ते पाहू. गालांच्या, कपाळाच्या व नाकाच्या मुळाजवळच्या हाडांत हवेच्या पोकळ्या आहेत. त्यांच्या अस्तरावर अतिसूक्ष्म केस असतात व ते शेंबूड बारीकशा वाटेने नाकात लोटीत असतात. पडशाने, धुळीने वा अॅलर्जीने ही वाट सुजून बंद झाली की आत पाणी साचते आणि त्यात जंतू वाढतात. हे दुखणे बारा आठवड्यांहून अधिक चालले तर ते जुनाट झाले असे डॉक्टर धरतात. जुनाट दुखण्यात काही जंतू अस्तरावर दुधावरच्या सायीसारखा थर धरून बसतात. त्या थराखाली औषध नीट पोहोचत नाही. म्हणून दुकानातून चार गोळ्या आणायच्या, बरे वाटले की सोडायच्या, याचा उपयोग होत नाही. शिवाय जंतूंवरची गोळी बुरशीला मारीत नाही. एकाच बाजूने घाण वास येत असेल, तर वरची दाढ किडली आहे काय तेही पाहावे. तिचे मूळ गालातल्या पोकळीला अगदी लागून असते.

मग बुरशीचा काहीच संबंध नाही का? आहे, परंतु समजतो तितका नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९९ साली जुनाट सायनसचे २१० रुग्ण तपासले, तेव्हा ९६ टक्के रुग्णांच्या नाकात बुरशी सापडली. मोठी खळबळ उडाली. पण निरोगी माणसांच्या नाकातही ती सापडली होती! पुढे युरोपात बुरशीनाशक औषधाने नाक धुऊन पाहिले. २००६ साली निष्कर्ष आला की, साध्या धुण्याहून त्याने अधिक गुण येत नाही. हवेतली बुरशी आपण सर्वच जणी श्वासाबरोबर घेतो. काहींना मात्र तिची अॅलर्जी होते, नाकात मऊ कोंब वाढतात, शेंबूड गोंदासारखा घट्ट होतो. काहींच्या पोकळीत बुरशीचा गोळा बसतो. अशांना दुर्बिणीची शस्त्रक्रिया लागते. हे तपासणीनेच कळते, अंदाजाने नव्हे.

घरी करण्याजोगे एकच सांगते. उकळून कोमट केलेल्या पेलाभर पाण्यात चहाचा अर्धा चमचा मीठ व चिमूटभर खाण्याचा सोडा घालून नाक धुवावे. नळाचे वा विहिरीचे कच्चे पाणी नाकात घालू नये. कांदा निवडताना पदर नाकावरून बांधावा; धुळीने सुजलेल्या नाकाला तेवढाच आराम.

मात्र ज्यांची साखर वाढलेली आहे किंवा ज्यांना स्टेरॉइड चालू आहे, त्यांच्या घरच्यांनी नीट ऐकावे. गाल एका बाजूने बधिर होणे, पापणी सुजणे, एकाचे दोन दिसणे, वरचे दात हलणे, नाकात वा टाळूवर काळी खपली धरणे, यांतले एकही दिसले तर वाफ घेत बसू नये. त्याच दिवशी रुग्णाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यावे, न जमल्यास थेट पुण्यास ससूनला. आणि साखरेचे कागद बरोबर घ्यावेत, तेथे पहिला प्रश्न साखरेचाच विचारतात.