तिसरी तार



पोळा झाला की आपल्या फुलसावंगीत गणपती बसतात. मग नवरात्र येते. भजने होतात, बेंजो वाजतो, भोंगा लागतो. दिवस पावसाचे. पायाखाली ओल आणि डोक्यावर वायरींचे जाळे. म्हणून आज भोंग्याच्या विजेविषयी बोलू.

आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. ती एका सेकंदात ५० फेरे घेते. कोणी गात नसतानाही भोंग्यातून घूं असा आवाज येतो ना, तो बहुधा ह्याच विजेचा.

घूं आली की एखादा गडी उठतो आणि प्लगमधली तिसरी तार, म्हणजे अर्थिंगची हिरवी तार, तोडतो. घूं थांबते. लोक म्हणतात, वा! मला विचाराल तर असा गडी मांडवाबाहेर असलेला बरा.

ती तार कशासाठी असते? मशीनच्या आत एखादी वायर सुटून पत्र्याला लागली, तर वीज पत्र्यात उतरते. तिसरी तार तिला जमिनीत नेते आणि फ्यूज उडतो. तार नसली तर वीज पत्र्यातच राहते. तिथून ती वायरीतून माइकच्या जाळीत येते. बेंजोवाल्याचे बोट तारेवर, ओठ माइकला. मग वीज जाते त्याच्या छातीतून.

मे १९७२ मध्ये वेल्स देशातल्या स्वान्सी शहरात लेस हार्वी हा गिटारवाला असाच गेला. माइकला अर्थिंग नीट नव्हते. माणसांनी भरलेल्या सभागृहात, वयाच्या २७ व्या वर्षी.

मग घूं घालवायची कशी? सगळी यंत्रे एकाच बोर्डावर लावा. एक प्लग देवळात, दुसरा शेजाऱ्याकडे, असे केले की दोन अर्थिंगांचा फेरा होतो आणि घूं येते. माइकची वायर लाइटच्या वायरीपासून हातभर दूर ठेवा. ओलांडायचीच असेल तर फुलीसारखी आडवी न्या. माइकच्या वायरीचे सुटलेले टाके झाळून घ्या. निम्मी घूं तिथेच असते.

आणखी एक. बोर्डाला तीन भोके दिसली म्हणजे आत तिसरी तार असतेच असे नाही. वायरमनकडून तपासून घ्या. ३० मिलिअँपियरचे आरसीसीबी बसवा. वीज गळू लागली की ते क्षणात तोडते. कार्यक्रमाआधी त्याचे टेस्ट बटण दाबून पाहा. आकडा तर टाकूच नका. महावितरण मंडळांना तात्पुरती जोडणी देते.

एवढे करूनही कोणी विजेला चिकटला, तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा. मेन सापडत नसेल तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या काठीने वायर दूर करा. एकाने १०८ ला फोन करावा. श्वास चालत नसेल तर दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने दाबत राहावे, मिनिटाला १०० ते १२० वेळा. तो थकला की तिसऱ्याने बसावे. गाडी येईपर्यंत थांबायचे नाही.