मान्यता आणि मानांकन
(मंडळाच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



वस्तुतः आजचा विषय एखाद्या अभियंत्याने अथवा प्राध्यापकाने मांडावयाचा. आम्ही पडलो मॅट्रिक झालेले प्राथमिक शिक्षक. आमचे आयुष्य बाराखडी आणि पाढे शिकविण्यात गेले. परंतु आपल्या कुटुंबांतून अजूनही अशी चाल आहे की, मुलगा बारावी झाला म्हणजे बाप त्याला घेऊन प्रथम गुरुजींच्या ओसरीवर येतो. त्यामुळे अभियांत्रिकीचा गंध नसताही त्या विषयावर सल्ला देण्याचे साहस आमच्या हातून अनेकदा घडले. त्यांपैकी एका सल्ल्याची हकीकत सांगण्यासाठीच आम्ही आज उभे आहोत.

२०१५ सालची गोष्ट. आमचे धाकटे बंधू शेती करतात. त्यांच्या मुलास इलेक्ट्रॉनिक्स शाखेत प्रवेश घ्यावयाचा होता. आम्ही तिघे एक महाविद्यालय पाहण्यास गेलो. प्रवेशद्वार भव्य, इमारत टोलेजंग आणि दर्शनी भागी मोठा फलक: ‘एन.बी.ए. मानांकित’. त्या फलकाकडे बोट दाखवून आम्ही बंधूंस म्हणालो, “सरकारी शिक्का आहे, आता विचार कसला करतोस?” बंधूंनी दीड एकर जमीन काढली व फी भरली. पुढे कळले की, ते मानांकन यंत्र व स्थापत्य या दोन जुन्या शाखांचे होते. त्यांतही एकाची मुदत आदल्याच वर्षी संपली होती. इलेक्ट्रॉनिक्सला ते कधीच मिळालेले नव्हते. तिसऱ्या वर्षी एका विषयास दिवाळीपर्यंत शिक्षकच नव्हता. मुलगा हुशार, म्हणून तरून गेला. परंतु २०२२ साली त्याने ऑस्ट्रेलियात जाण्याचे मनात आणले, तेव्हा तेथील अभियंत्यांच्या संस्थेपुढे ही पदवी जशीच्या तशी चालेना. स्वतः केलेल्या तीन कामांचा तपशीलवार वृत्तान्त लिहून आपली पात्रता सिद्ध करणे त्याला भाग पडले. त्यात दीड वर्ष गेले. एके दिवशी त्याने आम्हांस सहज विचारले, “काका, हे तुम्हांला ठाऊक नव्हतं का?” आम्ही निरुत्तर झालो. चाळीस वर्षे मुलांना ‘नीट वाचा, मग लिहा’ असे सांगणाऱ्या शिक्षकाने एक फलक नीट वाचला नव्हता.

त्यानंतर आम्ही हा विषय विद्यार्थी होऊन अभ्यासिला. जे हाती लागले ते आपणांपुढे ठेवितो.

पूर्वी निवड सोपी होती, कारण निवडण्यास फारसे नव्हतेच. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे मूळ १८५४ सालचे, मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली संस्था, म्हणजे आजची व्ही.जे.टी.आय., १८८७ची आणि सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७चे. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान तत्त्वावर खाजगी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली आणि खेड्यापाड्यांतील मुलांस अभियंता होता येऊ लागले. हा लाभ मोठा आहे. परंतु दुकाने वाढली म्हणजे गिऱ्हाइकाची जबाबदारीही वाढते.

येथे दोन शब्दांतील भेद ध्यानी घ्यावा: मान्यता आणि मानांकन. मान्यता देते अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद. ही परिषद १९४५ साली स्थापन झाली व १९८७च्या कायद्याने तिला वैधानिक अधिकार मिळाले. तिची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता या दोन गोष्टी नसतील, तर त्या महाविद्यालयाची पायरीही चढू नये. विद्यापीठांची गोष्ट मात्र निराळी. २००१ साली भारतीदासन विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, विद्यापीठास नवा तांत्रिक अभ्यासक्रम काढण्यासाठी परिषदेची पूर्वपरवानगी आवश्यक नाही. म्हणून खाजगी विद्यापीठात जाणाऱ्याने चौकशी अधिकच बारकाईने करावी. मान्यतेचा अर्थ एवढाच की, शाळा उघडण्यास परवानगी आहे. शाळेत शिकवितात कसे, हे तीवरून कळत नाही.

ते काही अंशी कळते मानांकनावरून. तेही दोन प्रकारचे. १९९४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने स्थापन केलेली ‘नॅक’ संपूर्ण संस्थेचे मूल्यमापन करते. त्याच वर्षी तंत्रशिक्षण परिषदेने स्थापन केलेले नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशन, म्हणजेच एन.बी.ए., एकेका अभ्यासक्रमाचे परीक्षण करते. हे मंडळ २०१० साली स्वायत्त झाले. तज्ज्ञ मंडळी येऊन शिक्षकांची संख्या व पात्रता, प्रयोगशाळा, निकाल आणि सुधारणेचे प्रयत्न तपासतात व मुदतीपुरते, तीन अथवा सहा वर्षांसाठी, मानांकन देतात. म्हणजे एकाच छपराखाली यंत्र शाखा मानांकित आणि शेजारची संगणक शाखा अमानांकित, असे असू शकते. ‘महाविद्यालय मानांकित आहे का?’ हा आमचा प्रश्नच चुकीचा होता. ‘आमच्या मुलाची शाखा मानांकित आहे का आणि कोणत्या सालापर्यंत?’ असे विचारावयास हवे होते. याचे उत्तर फलकावर न शोधता एन.बी.ए.च्या संकेतस्थळावरील यादीत शोधावे.

परदेशी जाण्याची ज्यांची इच्छा आहे, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. १९८९ साली सहा देशांतील संस्थांनी परस्परांच्या अभियांत्रिकी पदव्यांस समकक्ष मानण्याचा करार केला. त्यास वॉशिंग्टन करार म्हणतात. १३ जून २०१४ रोजी भारताच्या एन.बी.ए.स त्यात कायम सदस्यत्व मिळाले. परंतु त्याचा लाभ ‘टियर-एक’ म्हणून मानांकित झालेल्या, म्हणजे विद्यापीठांच्या व स्वायत्त संस्थांच्या अभ्यासक्रमांसच आहे. संलग्न महाविद्यालयांचे ‘टियर-दोन’ मानांकन त्यात येत नाही. अर्थात आमच्या पुतण्याची शाखा मानांकित असती, तरी तेवढ्याने भागले नसते!

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही एका आंधळेपणातून दुसऱ्यात जाऊ. मानांकन मागणे ऐच्छिक आहे. शिवाय दोन तुकड्या पदवीधर होऊन बाहेर पडल्याखेरीज त्यासाठी अर्जच करता येत नाही. म्हणून नव्या शाखेस ते नसते, एवढ्यावरून ती वाईट ठरत नाही. मात्र आपण अद्याप न पारखलेली वस्तू घेत आहोत, हे जाणून घ्यावी. उलट मानांकन असले म्हणजे सर्व उत्तम, असेही नाही. आमच्या वडिलांच्या काळी शाळा तपासण्यास दिपोटी येत; आमच्या वेळी विस्तार अधिकारी. ते येणार म्हटले की आम्ही स्वतः भिंतींस चुना लावला आहे, हुशार मुले पुढच्या ओळीत बसविली आहेत. त्या दिवशीची शाळा खोटी नव्हती, पण ती रोजची नव्हती. तेव्हा मानांकन पाहावेच. आणि मग एखाद्या साध्या वारी, न कळविता, महाविद्यालयात जावे. प्रयोगशाळेतील यंत्रांवर मुले काम करीत आहेत की धूळ बसली आहे, हे पाहावे. तिसऱ्या वर्षाच्या मुलांस चहा पाजून विचारावे की, शिक्षक टिकतात का, तास होतात का. इतक्या मुलांस नोकऱ्या लागल्या असे सांगतील, तेव्हा ‘किती मुलांपैकी?’ असे विचारण्यास संकोचू नये.

शाखेविषयी इतकेच की, शेजाऱ्याच्या मुलाने घेतली म्हणून ती घेऊ नये. ज्याच्या हातास यंत्राची ओढ आहे, त्यास संगणकापुढे बांधून ठेवण्यात अर्थ नाही.

आणि भगिनींनो, मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न आला म्हणजे ‘एवढी फी कोठून आणावी?’ असे म्हणून तो मिटविला जातो. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. ते केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणारीस मिळते. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेणारीस नाही. तेव्हा ही सबब आता चालणार नाही.

शेवटी मंडळास एक नम्र सूचना. शैक्षणिक कर्जासाठी येणाऱ्या प्रत्येक अर्जासोबत त्या शाखेच्या मानांकनाची स्थिती व मुदत लिहून घ्यावी. कर्ज नाकारण्यासाठी नव्हे. पालकाने ती माहिती एकदा तरी पाहिली, एवढ्यासाठी. हे काम करण्यास आम्ही दर रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात येऊन बसू. कोणाचीही दीड एकर जमीन आमच्या बोटाच्या इशाऱ्यावर पुन्हा जाऊ नये, अशी आमची इच्छा आहे.

विद्यार्थ्यांनो, आपले कल्याण होवो.