कंदमुळे, सेंद्रिय शेती आणि लहान शेतकरी

(रायपूर येथे स्पर्धा परीक्षांच्या मराठी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



छत्तीसगड हे भाताचे कोठार मानले जाते. त्यामुळे येथील शेतीचा अभ्यास बहुधा भातापासून सुरू होतो आणि भातापाशीच संपतो. परंतु घरालगतच्या ‘बाडी’त, म्हणजे परसात, जिमीकंद (आपला सुरण), कोचई (अळकुडी) आणि रताळी ही पिके घेतली जातात. कुटुंबाच्या अन्नसुरक्षेचा तो दुसरा आधार होय.

या पिकांचे मोल स्वयंपाकघरात कळते. सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. त्यामुळे घसा खाजतो. म्हणून येथील गृहिणी दिवाळीच्या सुमारास जिमीकंद शिजवताना चिंच किंवा ताक वापरतात. कोचईची पाने आणि उडदाची डाळ यांपासून होणारा ‘इडहर’ हा आपल्या अळुवडीचाच आप्त. फक्त तो कढीत शिजतो. काढलेला सुरण शीतगृहाविना काही महिने टिकतो, ही बाब लहान शेतकऱ्यासाठी महत्त्वाची आहे.

आता सेंद्रिय उत्पादनाचा विचार करू. सेंद्रिय मालात कीटकनाशकांचे अवशेष सामान्यतः कमी आढळतात, हा लाभ निश्चित आहे. पोषणमूल्य मात्र प्रत्येक वेळी अधिक असतेच, असे म्हणता येत नाही. सेंद्रिय पद्धतीत उत्पादन घटते, हा आक्षेपही सर्व पिकांना सारखा लागू नाही. तिरुवनंतपुरम येथील केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेच्या (स्थापना १९६३) प्रयोगांत सेंद्रिय सुरणाचे उत्पादन रासायनिक पद्धतीपेक्षा सुमारे २० टक्के अधिक आले.

मग अडचण कोठे आहे? पहिली अडचण बेण्याची. ९० × ९० सेंटिमीटर अंतरावर लागवड केल्यास हेक्टरी सुमारे १२,३०० रोपे बसतात. प्रत्येकी ५०० ग्रॅमचे बेणे धरले, तरी सहा टनांहून अधिक कंद आधी जमिनीत गाडावे लागतात. एवढे भांडवल अल्पभूधारकाकडे नसते. लहान तुकड्यांपासून गावातच बेणे वाढविणे हा त्यावरील उपाय आहे. जगदलपूर येथील अखिल भारतीय समन्वित कंदपीक संशोधन प्रकल्पाचे केंद्र यात मार्गदर्शक ठरू शकते.

दुसरी अडचण प्रमाणीकरणाची. बाडीतील बराचसा माल रसायनांविना पिकतो. पण बाजारात अधिक दर मिळतो तो प्रमाणपत्राला. २००१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात त्रयस्थ संस्था तपासणी करते. निर्यातीसाठी ती आवश्यक असली, तरी एकट्या लहान शेतकऱ्याला तिचा खर्च पेलत नाही. शिवाय हंगामी पिकांसाठी साधारणतः दोन वर्षांचा रूपांतरकाळ असतो. त्या काळात माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकता येत नाही. देशांतर्गत बाजारासाठी सहभाग हमी पद्धती अधिक सोयीची आहे. तीत शेतकऱ्यांचा गट परस्परांच्या शेतांची तपासणी करतो. २०१५-१६ पासूनच्या परंपरागत कृषी विकास योजनेने याच गट पद्धतीला अर्थसाहाय्य दिले.

मित्रहो, परीक्षेत सेंद्रिय शेतीचे फायदे विचारले जातील, तेव्हा ते अवश्य लिहा. पण तो फायदा कोणाच्या पदरात पडतो, हेही लिहा. बेणे, खत आणि प्रमाणपत्र या तिन्ही गोष्टी गावाच्या आवाक्यात आल्या, तरच बाडीतला जिमीकंद ताटाबरोबर शेतकऱ्याचा संसारही भरेल.