मदतीची टॅली
(मानपाडा, डोंबिवली येथील युवक शिबिरात केलेले भाषण)



पत्रिकेत माझ्या नावापुढे 'कवी' असं छापलंय. आज कविता म्हणणार नाही. गोदीत माल उतरवणारा मॅट्रिक पास माणूस म्हणून बोलतो. प्रश्न सरळ आहे. कुठे पूर येतो, कुठे जमीन हादरते, की सेवाभावी क्लबवाले डबा घेऊन मदतफेरी काढतात आणि आपल्या वस्तीतल्या पोरांना हाक मारतात. जायचं की नाही?

आधी हे क्लब कोण ते बघू. रोटरी १९०५ मध्ये शिकागोत निघाला, लायन्स १९१७ मध्ये, तोही तिथेच. मुंबईत रोटरी आला १९२९ साली आणि लायन्सचा भारतातला पहिला क्लब १९५६ चा. एकमेकांना भाऊ मानणाऱ्या माणसांची ही मंडळं. पण या भावकीत शिरायला आमंत्रण लागतं. रोटरीचा जुना नियम असा, की एका धंद्याचा एकच माणूस घ्यायचा. वकील एक, डॉक्टर एक, कारखानदार एक. त्या यादीत हमाल कधी नव्हता. आणि बाईला या भावांच्या पंगतीत बसायला १९८७ साल उजाडावं लागलं.

त्यांनी काही केलंच नाही, असं मी म्हणणार नाही. पोलिओच्या लसीसाठी रोटरीनं १९८५ पासून पैसा आणि माणसं लावली. देशातला शेवटचा रुग्ण २०११ मध्ये सापडला. आपल्या वस्तीतली पोरं आज दोन पायांवर धावतात, त्यात त्या थेंबांचा वाटा आहे. ज्याचं श्रेय त्याला द्यावं. पण दानाची त्यांची रीत बघा. लायन्सच्या प्रतिष्ठानाला हजार डॉलर दिले की माणूस 'मेल्विन जोन्स फेलो' होतो. रोटरीत हजार डॉलरला 'पॉल हॅरिस फेलो'. छातीवर बिल्ला लागतो. देणाऱ्याचं नाव धातूत कोरलं जातं. घेणाऱ्याचं नाव कुठल्या कागदावर असतं?

गोदीत टॅली नावाची चीज आहे. जहाजातून किती नग उतरले ते एकीकडे लिहितात, शेडमध्ये किती लागले ते दुसरीकडे. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर बोंबाबोंब होते. मदतीच्या धंद्यात टॅली एकाच टोकाला असते. किती जमलं, किती ट्रक सुटले, कुणी झेंडा दाखवला, हे सगळं पेपरात येतं. कुणाच्या दारात काय उतरलं त्याची टॅली कुणीच ठेवत नाही.

आमच्याच गोदीची गोष्ट घ्या. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं. पोटात कापसाच्या गासड्या, हजारावर टन दारूगोळा, आणि सोन्याच्या १२४ विटा. विटांचा हिशोब एकेक धरून ठेवलेला. आगीशी लढताना ६६ अग्निशामक जवान गेले, त्यांच्या आठवणीत देशभर अग्निशमन दिन पाळतात, आणि पाळायलाच हवा. पण एकूण मेले किती? कुणी सातशेच्या वर सांगतं, कुणी तेराशे. सोनं मोजलेलं, आणि माणूस अंदाजानं! तारीख तीच, जिच्या संध्याकाळी आपण जयंतीची मिरवणूक काढतो.

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती बुडवून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदं अंगावर आली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. देशभरातून मदत आली, संस्थांनी गावंच्या गावं दत्तक घेतली. भारतीय जैन संघटनेनं बाराशे पोरं शिक्षणासाठी पुण्याला नेली, हे काम मोठं. पण नव्या गावात घर कुणाला केवढं? सरकारी नियम बघा. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट. सात हेक्टरांच्या वर ज्याची जमीन, त्याला ७५०. भूकंपानं सगळ्यांची घरं एकाच मापानं पाडली होती. बांधताना मात्र सातबारा काढून मोजली. वाड्याचा वाडा झाला आणि खोलीची खोली. दाता बिचारा विटेवर आपलं नाव बघून परतला. माप कुणी ठरवलं हे त्यानं विचारलं नाही.

नंतरही हेच. २००१ साली कच्छमध्ये, २००४ च्या सुनामीत तामिळनाडूच्या किनाऱ्यावर, दलितांना मदतीत बाजूला ठेवल्याचे अहवाल मानवी हक्कवाल्यांनी छापले. पाणी सगळ्यांच्या घरात शिरलं, पण पाण्याचा टँकर वस्तीपर्यंत आला नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा बुडाला, सीनेच्या काठची गावं पाण्याखाली गेली. सरकारनं पिकाची मदत हेक्टरी जाहीर केली. शेतकरी बुडाला होता, त्याला मिळालीच पाहिजे, त्यात खोट काढायची नाही. पण ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्याची सोयाबीन काढणीची मजुरी कुठल्या हेक्टरात मोजायची? त्या वेळी इथल्या एका क्लबानं आपली पोरं मागितली. गोणी चढवायला. पोरांनी रात्रीपर्यंत ट्रक भरले. यादी बघू म्हटलं तर उत्तर आलं, "ते आमचं आम्ही बघतो." पाठ आपली, यादी त्यांची!

आणि आपत्ती काही फक्त तिकडे दूर येत नाही. २३ मे २०२४ ला इथं एमआयडीसीत 'अमुदान'चा स्फोट झाला. मेलेल्यांची ओळख पटवायला डीएनए तपासावा लागला. पोटासाठी आलेला माणूस कोण होता, हे त्याच्या हाडांना विचारावं लागलं. यादीत नाव असणं म्हणजे काय, ते मानपाड्याच्या पोरांना मी वेगळं शिकवायला नको.

काही मित्र म्हणतात, बहिष्कार टाका. मला पटत नाही. बुडालेल्या बाईला तांदूळ कुणाच्या डब्यातून आला याच्याशी देणंघेणं नसतं, तिची चूल पेटली पाहिजे. आपण जाऊ. पण हमाल म्हणून जाणार नाही. आपल्या अटी सांगून जाऊ.

पहिली अट: यादी करताना आपली माणसं बसतील, त्यात बाया असतील. कुणाच्या घरात किती तोंडं आहेत हे बाईला पाठ असतं.

दुसरी: ट्रक वेशीवर किंवा पाटलाच्या ओट्यावर रिकामा होणार नाही. तो आधी गावाच्या शेवटच्या टोकाला जाईल आणि तिथून मागे येईल. भूमिहीन आधी, मग भटके, मग बाकीचं गाव. जात बघून कुणाला वगळायचं नाही. उपाशी माणूस कुणाच्याही घरचा असो, तो आपल्या यादीत.

तिसरी: दोन्ही टोकांची टॅली. इथं काय भरलं आणि तिथं कुणाला काय पोचलं, हे त्या गावच्या चावडीवर आणि विहाराच्या भिंतीवर लावायचं. जुळलं नाही तर भर सभेत विचारायचं.

चौथी: पिशवी घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही.

या अटी ज्या क्लबाला मान्य, त्याचा ट्रक आपण फुकट भरू. ज्याला मान्य नाहीत, त्यानं पगारी हमाल लावावेत, दर मी सांगतो. आणि मग आपण आपला डबा घेऊन निघू. चाळीत, झोपडपट्टीत, नाक्यावर दहा-दहा रुपये मागू. आपले लोक देतात. पूर काय असतो ते त्यांना २६ जुलै २००५ पासून ठाऊक आहे.

घटनेच्या उद्देशिकेत बंधुता हा शब्द आहे. तो नसेल तर स्वातंत्र्य आणि समता वरवरची राहील, असं बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं होतं. त्या बंधुतेला आमंत्रणपत्रिका नाही आणि बिल्लाही नाही. तिची यादी गावाच्या शेवटच्या घरापासून सुरू होते. ती यादी लिहायला कोण कोण येणार, त्यांनी सभा संपल्यावर नावं द्यावीत. वही माझ्याकडे आहे.

जय भीम.