माग, संगणक आणि आपली मुले
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



बारावीचा निकाल लागला की पालक विहारात येऊन आम्हाला विचारतात, "पोराला कॉम्प्युटरला घालायचं म्हणतोय, कुठं घालू?" दरवर्षी आम्ही कॉलेजची नावे सांगत आलो. आज त्या पुढचे थोडे बोलणार आहोत.

सुरुवात मागापासून करू. आपल्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला. आजही कितीतरी घरांत वडील माग चालवतात, आई कांडी भरते. कापडावर नक्षी काढणारे जेकार्ड आपल्याला ठाऊक आहे. फ्रान्समधल्या जेकार्ड नावाच्या माणसाने १८०४ च्या सुमारास ते तयार केले. पुठ्ठ्याच्या कार्डाला जिथे भोक, तिथे ताण्याचा धागा वर. भोक नाही, तिथे खाली. हीच कार्डे चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने १८३७ च्या सुमारास आपल्या हिशेबाच्या यंत्राच्या आराखड्यात घेतली. जेकार्डचा माग फुले-पाने विणतो, तसे हे यंत्र बीजगणित विणेल, अशा अर्थाचे एडा लव्हलेस या बाईंनी १८४३ साली लिहून ठेवले. आजचा संगणकही एक आणि शून्य, म्हणजे 'भोक आहे, भोक नाही' एवढ्यावरच चालतो. तेव्हा मित्रांनो, ही विद्या आपल्या घरापासून फार लांबची नाही.

आता अभ्यासक्रम. इंजिनिअरिंगची पदवी चार वर्षांची. त्यासाठी बारावी विज्ञान, गणित आणि सीईटी लागते. दहावीनंतर डिप्लोमा केला तर थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. आपल्या गावात दत्ताजीराव कदम टेक्निकल एज्युकेशन सोसायटीची संस्था १९८२ साली वस्त्रोद्योगाच्या शिक्षणासाठी निघाली; आज तिथे कापड आणि कॉम्प्युटर दोन्ही शिकवतात. दुसरी वाट बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सची. तिलाही विज्ञान शाखा हवी. तिसरी बीसीए. तिला कला-वाणिज्यची मुलेही जाऊ शकतात. मात्र २०२४ पासून एआयसीटीईच्या मान्यतेच्या बीसीएलाही सीईटी आली आहे. बारावीच्या गडबडीत तिचा फॉर्म राहून गेला तर हळहळत बसावे लागते. आणि एमएस-सीआयटी ही काही पदवी नव्हे. ती काही महिन्यांची तोंडओळख आहे.

नाव कोणतेही असो, आत गेल्यावर काय शिकायचे असते? टायपिंग नव्हे. 'सी' सारखी भाषा, गणित, माहिती रचून ठेवण्याच्या पद्धती, डेटाबेस, नेटवर्क. आज यंत्रेच प्रोग्राम लिहून देऊ लागली, मग हे कशाला शिकायचे, असे मुले विचारतात. यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक, हे ओळखायला मूळ विषय यावाच लागतो. नक्षीचे एक कार्ड चुकले तर कापडभर तीच चूक उतरते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता मनातली गोष्ट सांगतो. आमच्याच गल्लीतला एक मुलगा. बारावीला चांगले गुण पडले. याच विहारात आम्ही त्याचा सत्कार केला, पेढे वाटले. पहिल्या सत्रात गणित आणि 'सी' दोन्ही राहिले. सगळे इंग्रजीतून, वर्गात विचारायची लाज, घरी कॉम्प्युटर नाही, रात्री वडिलांच्या पाळीला हातभार. निकालानंतर तो कॉलेजला गेलाच नाही. विषय राहिला म्हणजे सगळे संपले असे नसते, ठरावीक विषयांपर्यंत एटीकेटीने पुढे जाता येते, एवढेही त्याला कोणी सांगितले नाही. सहा महिन्यांनी तो मागावर उभा दिसला तेव्हा आम्हाला कळले. मागावर काम करण्यात कमीपणा नाही. पण ती वाट त्याने निवडली नव्हती. सत्काराला आम्ही सगळे होतो. नापास झाल्यावर त्याच्या दारात एकही गेलो नाही. ही चूक आमची आहे.

पैशाचे म्हणाल, तर भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची. अर्ज महाडीबीटीवर, आणि तो दरवर्षी नव्याने भरावा लागतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती केंद्राने मान्य केल्या. पण दाखला आणि जात पडताळणी वेळेवर नसेल तर हक्क कागदावरच राहतो. मुलगा अकरावीत असतानाच ही कागदपत्रे हातात घ्या.

आमची विनंती एवढीच. वर्षावास आणि कॉलेजचे पहिले सत्र एकाच सुमारास येतात. वर्षावासात रोज संध्याकाळी आपण ग्रंथवाचनाला जमतो. वाचन झाल्यावर त्याच सतरंजीवर तासभर गणित आणि 'सी' घ्यायला काय हरकत आहे? पुढच्या वर्षांतल्या मुला-मुलींनी शिकवावे. समितीने पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव लिहून ठेवावे, आणि निकालाच्या दिवशी दोघांनी त्याच्या घरी जावे. भगवंतांनी कालामांना स्वतः पारखून घ्यायला सांगितले. त्या भगवंतांच्या विहारात तरी मुलाला प्रश्न विचारायची लाज वाटता कामा नये.

मार्च १९२० मध्ये आपल्या शेजारच्या माणगावात परिषद झाली. बाबासाहेब अध्यक्ष होते, शाहू महाराज स्वतः आले होते. त्याच महाराजांनी १९०८ साली कोल्हापुरात आपल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह काढले होते. शाळेचे दार उघडले म्हणजे झाले, असे त्यांनी मानले नाही. मूल तिथे टिकावे म्हणून राहण्या-जेवणाची सोय केली. आज कॉलेजचे दार उघडे आहे. आत गेलेल्या पोराला टिकवायचे काम आपले आहे. पुढच्या वर्धापनदिनी सत्कार करू तेव्हा पहिले वर्ष पार केलेल्या मुला-मुलींनाही व्यासपीठावर बोलवू या.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!