धातूची वाफ आणि शेतीचा पंप

(सोनपेठ येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



रब्बीच्या ऐन पाणीपाळीत रोहित्र जळाले, की गावाची काय अवस्था होते, हे आपणांस मी सांगावयास नको. शेतीपंपास कपॅसिटर बसवावा, असे आवाहन महावितरणने वारंवार केले आहे. त्या लहानशा डब्यात दडलेल्या विज्ञानाचा परिचय करून देण्याचा आज माझा मानस आहे.

कपॅसिटरमध्ये बहुधा पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची पातळ फीत गुंडाळलेली असते. तिच्यावर जस्त वा ॲल्युमिनियमचा मुलामा असतो. तो देण्यासाठी बंद पात्रातील हवा काढून घेतात व धातू तापवितात. धातूची वाफ होते आणि सरकत्या फितीवर ती गोठते. हवा शिल्लक राहिली, तर वाफेचे अणू तिच्यावर आदळून वाटेतच भरकटतात. प्लॅस्टिक सुमारे १६५ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून फीत थंड रुळावरून नेतात. मुलाम्याची जाडी अवघी काही दशक नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

हा पातळपणा हेच त्याचे बळ होय. फितीत एखादी जागा कच्ची निघून ठिणगी पडली, तर भोवतालचा धातू तत्क्षणी उडून जातो, दोष अलग पडतो आणि कपॅसिटर चालू राहतो. तथापि प्रत्येक वेळी थोडा धातू खर्ची पडतो. म्हणून कपॅसिटर अधूनमधून तपासून घ्यावा.

शास्त्रज्ञ याच वाटेने पुढे गेले आहेत. प्लॅस्टिकवर पडणारी वाफ आरंभी सलग थर धरीत नाही. तिचे विखुरलेले अतिसूक्ष्म कण बनतात. धातूबरोबर प्लॅस्टिकसारख्या बहुवारिकाचाही थर चढविला, तर कण त्यात अडकून संमिश्र पटल तयार होते. कण विरळ असल्यास ते वीज अडविते. कण एकमेकांस भिडल्यास वाहू देते. अतिसूक्ष्म कणांच्या संमिश्र पदार्थांवर १९९० साली स्थापन झालेल्या ‘सी-मेट’ या संस्थेच्या पुणे प्रयोगशाळेतही संशोधन झाले आहे.

आता आपल्या विहिरीकडे वळू. मोटारीस चुंबकत्वासाठी लागणारा प्रवाह कपॅसिटर जागेवरच पुरवितो. तो रोहित्रातून आणावा लागत नाही. समजा, सर्व पंपांचा पॉवर फॅक्टर ०.७० वरून ०.९५ वर गेला. मग तेवढ्याच कामासाठी रोहित्रावरील प्रवाह सुमारे २६ टक्क्यांनी घटतो. तारांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते; ती जवळजवळ निम्म्यावर येते.

मात्र एकट्याने कपॅसिटर बसवून रोहित्र वाचत नाही. आणि एकट्याच्या बिलात हा लाभ दिसेलच असे नाही. म्हणूनच हा विषय ग्रामसभेचा आहे. एका रोहित्रावरील सर्व शेतकऱ्यांनी एकत्र येऊन, जाणकार वायरमनकडून, पंपाच्या अश्वशक्तीनुसार कपॅसिटर बसवून घ्यावेत. वीज बंद केल्यावरही त्यात भार शिल्लक राहतो, याचे भान ठेवावे. वीज येताच सर्व पंप एकदम सुरू करणारे ऑटोस्विचही काढून टाकावेत. शिक्षकांनी मुलांना यामागील विज्ञान समजावून द्यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.